सावरून बसण्याआधी

सावेडीत माझ्या शेजारी एक फोटोग्राफर राहतात. समोरचा माणूस सावरून बसण्याआधीच ते एक फोटो काढून घेतात आणि मग म्हणतात, “हां, आता बसा नीट.” दुसरा फोटो माणसाला देतात, पहिला स्वतःकडे ठेवतात. खरा चेहरा पहिल्यातच असतो, असं ते सांगायचे आणि मी मान डोलवायचो.

त्यांच्या प्रदर्शनाला मी गेलो होतो, तेव्हा तिथे मिरजगावच्या एक आजी आल्या. भिंतीवर त्यांचाच भलामोठा फोटो होता, डोक्यावर पदर नसलेला.

“ह्यो न्हाई ओ. पदर घेतल्यावर काढला हुता की तुमी,” त्या हळूच म्हणाल्या आणि फोटो झाकत त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

फोटोग्राफरांनी तो उतरवला. मग आम्हा दोघांनाही वर बघवेना. चारी भिंतींवरची माणसं अजून सावरून बसलेली नव्हती.