माझ्या नवऱ्याचं बारसं

आमच्या घराला घाई फार. कारगिलच्या उन्हाळ्यात तार आली, तीत माझा नवरा बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. पाठोपाठ त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराचं पत्र आलं: गोळा फुटला आणि ते कड्यावरून खाली गेले, मी डोळ्यांनी पाहिलं. झालं. चुलतसासऱ्यांनी ठरवून टाकलं की माणूस गेला, आता विधी केला नाही तर आत्मा भटकत राहील. मी म्हणत होते, थांबा जरा, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. पण माझं ऐकतंय कोण! घरातले पुरुष नांदगावहून नाशिकला गेले, गोदावरीच्या काठी दर्भाचा पुतळा केला आणि धाकट्या दिरानं त्याला अग्नी दिला.

इकडे घरी बायकांनी मला धरलं. चुलतसासूबाईंनी माझे हात पाट्यावर आपटून बांगड्या फोडल्या, काचा मनगटात घुसल्या. मी त्यांच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त आलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

दोन महिन्यांनी निरोप आला की ते जिवंत आहेत. जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले होते आणि दोन्हीकडच्या जखमी कैद्यांची अदलाबदल झाली त्यात परत आले होते. मग बरेच दिवस मिलिटरीच्या दवाखान्यात काढले, तिथं आपल्याच लोकांनी तेच तेच प्रश्न विचारून भंडावलं, आणि एकदाचं घरी सोडलं. मनमाड स्टेशनवर आम्ही आणायला गेलो. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी चारचौघांत धावत सुटले, तर सासूबाईंनी पदर धरून मागं ओढलं. म्हणाल्या, अजून शिवायचं नाही.

ज्याचे दिवस घातले तो माणूस परत आला तर त्याला आधी पुन्हा जन्माला घालावं लागतं, अशी ही चाल. तुपापाण्याची अंघोळ, मग बारसं, मग आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. तोवर उंबरा ओलांडायचा नाही. गुरुजींनी तिसऱ्या दिवसाचा मुहूर्त दिला आणि कैदेतून सुटून आलेल्या माणसाला आम्ही गोठ्यात ठेवलं, बैलांशेजारी. माझं डोकं फिरलं. मी सासूबाईंना नको नको ते बोलले. त्या रडायला लागल्या. त्यांना वाटत होतं, विधी राहिला तर पोरगा या वेळी खरंच जाईल. मग मीही विधीला हो म्हटलं. हे आल्यापासून खाली मान घालूनच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्यांना पाटावर बसवलं. पोटातल्या बाळासारखं बसायचं, गुडघे छातीशी, मुठी आवळलेल्या, तोंडातून शब्द नाही. वरून गुरुजींनी लोकरीची धाबळी टाकली. तोंड झाकलं गेलं. दिरानं मागून खांदे धरले, आणि गुरुजी तुपाचं पाणी ओतायला लागले.

धाबळीखालून आलेला तो आवाज मला शब्दांत सांगता येणार नाही. घंगाळ उडालं, गुरुजींच्या कपाळाला लागलं, त्यांना खोक पडली. धाबळी फेकून हे वळले आणि धाकट्या भावाचा गळा दोन्ही हातांनी धरला. दीर खाली, हे त्याच्या छातीवर. तिघाचौघांनी ओढलं तरी बोटं सुटेनात. दिराचे डोळे पांढरे झाले, पाय झाडायचे थांबले. मी यांचीच कुबडी उचलली आणि यांच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. काही उपयोग नाही. तेव्हा मी नेम धरून तुटक्या पायावर मारलं, अजून न भरलेल्या जखमेवर.

हात सुटले. दीर कुशीवर वळून ओकायला लागला. यांच्या पट्टीतून रक्त पाझरत होतं आणि हे माझ्याकडे बघत होते. राग नव्हता त्यात. आल्यापासून पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघत होते.

"मीबी हेच केलंय," म्हणाले.

मग हळूहळू बोलले. तिकडं तोंडावर पोतं बांधायचे आणि जखमेवर बूट ठेवून उभे राहायचे. सोडायच्या दिवशी हद्दीवरच्या फाटकापाशी दोन्हीकडचे स्ट्रेचर शेजारी शेजारी ठेवले होते, सह्या व्हायच्या होत्या. यांच्या बाजूला शत्रूचा एक जवान होता, पोटाला पट्ट्या बांधलेला. त्यानं यांचं काही वाकडं केलं नव्हतं. त्यानं यांच्याकडे बघून मान हलवली. कुणाचं लक्ष नाही हे बघून यांनी त्याच्या पोटावर बुक्की मारली. मग दुसरी. तो ओरडला नाही. पट्टी लाल होत गेली, हे बघत राहिले. तेवढ्यात माणसं आली आणि त्याला उचलून पलीकडे घेऊन गेली.

"तू भावाचा जीव वाचवायला मारलंस," हे म्हणाले. "मी कशापायी मारलं गं?"

मी हातातली कुबडी खाली ठेवली.

गुरुजी कपाळाला पंचा लावून विचारत होते, विधी पुढं चालवायचा का. मी त्यांना घरी जायला सांगितलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनीच हाक मारली की ये रे आत, मरू दे ते सगळं. मला वाटलं, आता येतील. हे जागचे हलले नाहीत.

"तो जवान घरी पोचला का नाय, तेवढं कळू दे आधी," म्हणाले.

ते कुणाकडून कळणार होतं? मी त्यांच्यापाशी खाली बसले, पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागले.