पेत्रोनाच्या झाडातली मुंगी

मामोरे नदीकाठी आमच्याकडे सैतानाच्या झाडाला कुणी चुकूनही टेकत नाही. त्याच्या पोकळ खोडात मुंग्या नांदतात आणि बुंध्याशी गवताची काडीसुद्धा उगवू देत नाहीत. माझ्या शेजारणीनं, पेत्रोना मुइबानं, मात्र तसलं झाड परसात जपलं होतं.

झावळीच्या पातीच्या टोप्या विणून तिची बोटं चाळिशीतच आखडली. सांध्यावर मुंगीचा डंख घेतला की बोटं सुटायची. पण आखडलेल्या बोटांनी मुंगी धरणार कशी? दर शनिवारी नवरा, आन्सेल्मो, तिचा हात मांडीवर घ्यायचा आणि चिमटीत एकेक मुंगी धरून पेरावर टेकवायचा. ती शिव्या घालायची, तो हसायचा. वीस वर्षं मी हे कुंपणावरून पाहिलं. खरं सांगते, हेवा वाटायचा.

मग मुंग्यांच्या जाती ठरवणारे एक डॉक्टर आले. पेत्रोना कुठली गप्प बसतेय!

"इतर झाडांच्या मुंग्या तासभर जाळतात. माझ्या दोन दिवस ऊब देतात. ह्यांची जातच वेगळी!"

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. रंग जरा काळसर होता. "असेलही. पण राणी तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"राणीला हात लावायचा नाही. झाडात एकच असते. ती गेली की झाड ओस पडतं."

डॉक्टर कबूल झाले. पण जाता जाता आन्सेल्मोला सांगून गेले, की नव्या जातीला कधीकधी शोधणाऱ्याचं नाव देतात. झालं! स्वारी हवेत.

"आन्सेल्मोची मुंगी! पुस्तकात छापून येईल, शेजारीणबाई!"

"नांगीसकट का रे?" मी म्हटलं. मला थट्टाच वाटली. तिथंच मी चुकले.

पेत्रोना दोन दिवस बहिणीकडे गेली होती. परतली तर झाड आडवं, खोड उभं चिरलेलं, राणी स्पिरिटच्या बाटलीत. आन्सेल्मोचे हात सुजून टम्म झाले होते.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

बाटली डॉक्टरांकडे गेली, शनिवार बंद पडले. आठ महिन्यांनी डॉक्टरांचं पत्र आलं. जात नवी नव्हती. नदीकाठच्या सगळ्या सैतानाच्या झाडांत असते तीच. रंगातला फरक जमेस धरायचा नसतो म्हणे. माझा संताप संताप झाला.

पुढच्या शनिवारी आन्सेल्मो दुसऱ्या झाडाच्या मुंग्या डब्यात घेऊन तिच्यापुढे बसला. "आण हात. मुंगी तीच आहे गं, डॉक्टरांनीच लिहिलंय."

"मुंगी तीच असेल," पेत्रोना म्हणाली. "तू तो राहिला नाहीस."

मी कुंपण ओलांडून गेले. म्हटलं, "मी लावते." तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

आता तिला चमचा धरवत नाही. ताटावर वाकून तोंडानंच मासाको, कुस्करलेली केळी, खाते. आन्सेल्मो शेजारी घास घेऊन बसलेला असतो.