किड्यामागचं आडनाव

"हिला चिखलाची सवय आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची. म्हणून तर किडा हिलाच सापडला."

काका माझ्याकडे बोट दाखवून हसत म्हणाले. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला त्यांच्या घरी गणपतीचं जेवण होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टेबलाभोवतीची मराठी माणसं हसली. माझ्या प्लेटमध्ये मोदक तसाच. काकांची मुलगी इथेच जन्मलेली. तिने विचारलं, "डॅड, व्हॉट्स सो फनी?" काकांनी तिला आणखी एक मोदक वाढला. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा संताप आला.

काका आमच्या लॅबचे प्रमुख; नात्याने कुणी नव्हेत, इथली सगळी मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणायची. मला अमेरिकेत त्यांनी आणलं, हे चारचौघांत सांगायचे. मी न्यू जर्सीच्या खाडीतला गाळ चाळायचे. त्यात केसाहून बारीक गोलकृमी सापडला. मोकळा जगणारा. कुणाच्या पोटात राहत नाही, कुणाचं रक्त पीत नाही. शेपटी, तोंडाजवळचे केस, नराचे वाकडे काटे. सूक्ष्मदर्शकात बघून सगळ्याची चित्रं मी काढली, टिंबाटिंबाने, डोळे सुजेपर्यंत. असा कृमी आधी कुणी नोंदवला नव्हता.

आमच्या शास्त्रात रीत आहे. नव्या प्रजातीचं वर्णन जो छापतो, त्याचं आडनाव तिच्या नावामागे कायमचं लागतं.

जेवणानंतर काकांनी किचनमध्ये बोलावलं.

"पेपर फर्स्ट क्लास झालाय. ऑथर म्हणून माझं नाव टाकू. शेवटी तुझे आभार मानू ना. अगं, तुझं आडनाव इंडियात लोक वाचतील. कशाला उगाच?"

शाळेत हजेरी घेताना माझ्या आडनावाशी गुरुजींचा आवाज बदलायचा. इथेही तोच आवाज.

"नाही, काका. काम माझं. आडनावही माझंच लागेल."

"मग व्हिसाचं तुझं तू बघ."

सोमवारी त्यांनी नर किडा बसवलेली काचपट्टी मागितली. त्या एका किड्यावर सगळं वर्णन उभं. तो गेला तर माझ्या शब्दाला कोण विचारतो? दिली नाही. स्वेटरमध्ये गुंडाळली, बसने न्यूयॉर्कच्या संग्रहालयात नेऊन कायमचा नमुना म्हणून जमा केली. पेपरवर एकच नाव टाइप केलं. पोस्टात टाकला. परत आले तर माझं टेबल रिकामं केलेलं.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? पण तिथेच, रिकाम्या टेबलापाशी ठरवलं. नोकरी जाऊ दे, देशाबाहेर काढू देत. या किड्याचं नाव जो कुणी लिहील, तो कितीही मोठ्या घरचा असो, त्याला मागे माझं आडनाव लिहावं लागेल. पूर्ण लिहावं लागेल.