राखेतली मशीन

मायच्या कानातल्या ऐकायच्या दोन्ही मशिनी हरवून दहा-बारा दिवस झाले होते, तेव्हा एका शनिवारी मला वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. मशिनींबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

"मॅडम, आजी भ्रमिष्टासारखं करतात हल्ली. आपल्या डॉक्टरांनी परवा पाहिलं. काहीही विचारलं तरी एकच उत्तर देतात. त्यांना मागच्या खोलीत हलवावं लागेल. डॉक्टर सोमवारी पुन्हा येतील, त्यांनी मान डोलावली की हलवू."

मागची खोली मी पाहिलेली होती. आपण कुठं आहोत हे ज्यांना उमजत नाही, जे उठून सरळ रस्त्याला लागतात, त्यांना तिथं ठेवत. दाराला बाहेरून कडी होती. त्यात आश्रमाचं काही चुकत होतं असं नाही, अशा माणसांना जपावंच लागतं. पण माझी माय त्या कडीआड? माझं डोकं फिरलं. तसं ते फिरायला फारसं काही लागत नाही. शाळेतली पोरं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे.

मी मानोऱ्याला शिकवते आणि एकटीच राहते, तीही दुसऱ्या मजल्यावर. मायचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिच्याजवळ दिवसभर माणूस हवं होतं आणि मी दिवसभर शाळेत. भावकीच्या जिभेला हाड नव्हतंच. लेक मास्तरीण आणि माय आश्रमात, असं सगळीकडे झालं. शेवटी मायनंच निकाल लावला. "तुह्या जिन्यापाई मले मराचं नाई," म्हणाली आणि वाशीमच्या बाहेरच्या या आश्रमात स्वतःच्या पायानं, म्हणजे वॉकर धरून, दाखल झाली. वर्षभरात तिनं न्हाणीमागच्या रिकाम्या जागेत वालाचे वेल चढवले, चवळी लावली. आश्रमाच्या स्वयंपाकघरात तिच्या शेंगांची भाजी होऊ लागली.

रविवारी पहिल्याच गाडीनं मी वाशीम गाठलं. माय खाटेवर बसली होती. मला पाहून हसली. दोन्ही कान रिकामे होते.

"मशिनी कुठं आहेत?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली.

"जेवलीस का?"

"हाव."

"मी कोण आहे?"

"हाव."

व्यवस्थापक माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते. मला मात्र सगळा उलगडा झाला. दर वेळी 'काय? काय?' करायची बहिऱ्या माणसाला लाज वाटते, त्यात माझी माय पहिल्यापासून मानी. 'हाव', म्हणजे हो, म्हटलं की समोरचा समाधानानं निघून जातो, हे तिनं हेरलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे पाटीवर लिहून विचारायचीही सोय नव्हती. मी तिच्या कानाला तोंड लावलं आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "माय! मशिनी कुठं ठेवल्यास?"

"राखेत," ती शांतपणे म्हणाली.

"घ्या!" व्यवस्थापक म्हणाले. "एवढी महागाची वस्तू राखेत. मॅडम, हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे का?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मीही घाबरले. मनात आलं, हे म्हणतात तेच खरं असलं तर?

आश्रमात आंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर तापतं. तिथली राख माय चाळून एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची, असं स्वयंपाकीण मावशींनी सांगितलं. सांगतानाच त्यांचा चेहरा पडला. "त्या डब्यातली राख म्या भांड्याईले घेतली वो ताई. दहा-बारा दिस झाले. मले काय माईत त्यात मशीन असन म्हनून!"

आम्ही दोघी भांडी घासायच्या जागेमागं गेलो. तिथलं पाणी एका उथळ नालीत जातं. काडी घेऊन मी चिखल उकरायला लागले. दोन्ही मशिनी मिळून एवढ्या-एवढ्याशा, शेंगदाण्याहून थोड्या मोठ्या. त्या काही सापडल्या नाहीत. पण नालीच्या काठाला, करड्या ओल्या राखेतून, सात-आठ कोंब वर आले होते. जाड माना वाकवलेले, दोन-दोन पानं उलगडत असलेले. वालाचे होते. बाजूला दोन चवळीचे.

मी काडी बाजूला ठेवली. माझ्या मायची बिजवाई होती ती.

आमच्या घरी दरवर्षी वेलावरच्या सगळ्यात चांगल्या शेंगा भाजीला मिळत नसत. त्या बियाण्यासाठी. वाळवायच्या, सोलायच्या, मग डब्यात एक थर चाळलेल्या राखेचा, एक थर दाण्यांचा. राख ओल धरू देत नाही, भुंगा लागू देत नाही. पेरणीच्या आधी गावातल्या बाया आमच्या ओट्यावर यायच्या, कारण दुसऱ्यांच्या डब्यातले दाणे पोखरलेले निघायचे आणि मायचे निघायचे नाहीत. घरातलं सोनं तांदळाच्या डब्यात असे आणि बिजवाई राखेत. जे नासू द्यायचं नाही ते राखेत, हे तिचं आयुष्यभराचं शहाणपण होतं. मशीनवाल्यानं तिला बजावलं होतं, "आजी, हिला ओल लागू देऊ नका." तिनं ती लागू दिली नाही, एवढंच.

मी परत येऊन तिच्या कानाशी ओरडले, "मशीनवाल्यानं कोरडी डबी दिली होती ना? निळ्या दाण्यांची?"

"ते दाने नासले व्हते. पान्याच्या झडीत लाल पडले. झड उघडेपर्यंत म्हनून मशिनी राखेत ठेवल्या. त्याहून आपली राख बरी!"

मी व्यवस्थापकांना हात धरून नालीवर नेलं आणि कोंब दाखवले. धडा शिकवते तसं सगळं समजावून सांगितलं, कदाचित जरा जास्तच मोठ्या आवाजात. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण "ठरवायचं ते डॉक्टर ठरवतील," यापुढे सरकेनात. तेव्हा मी म्हटलं, "मला आठ दिवस द्या. नव्या मशिनी घालते आणि मग तुमचे डॉक्टर काय हवं ते विचारू देत. तोवर मायच्या खाटेला हात लावायचा नाही." मावशी माझ्यामागे उभ्या राहिल्या. आठ दिवस मिळाले.

मशीनवाल्याच्या काचेच्या खोलीत मायची पुन्हा तपासणी झाली. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. बरेच लोक लाजेपायी अंदाजानं दाबत सुटतात, असं तो म्हणाला. माय डोळे मिटून बसली होती. ऐकू आलं तेव्हाच दाबलं, नाही आलं तेव्हा नाही. "आजी एकदाही खोटं बोलल्या नाहीत," असं तो म्हणाला तेव्हा पेपरात पहिला नंबर आलेल्या पोराच्या आईसारखी माझी छाती फुगली.

शनिवारी नव्या मशिनी आल्या. त्यानं त्या मायच्या कानात बसवल्या आणि सुरू केल्या. मी सवयीनं ओरडले, "माय! येतं का ऐकू?"

मायनं दचकून माझ्याकडे पाहिलं. "एवढ्या जोरानं कायले बोंबलून राह्यली? मी का बह्यरी हाये का?"

मशीनवाला हसून हसून बेजार झाला. मग त्यानं तिला सांगितलं की दाणे गुलाबी पडणं म्हणजे त्यांनी ओल पिणं, तेव्हा ते बदलून घ्यायचे. राख मात्र मशीनच्या बारीक छिद्रात जाऊन बसते. मायनं मशीन हातात घेऊन ते छिद्र निरखून पाहिलं. "चुकलं माहं," ती म्हणाली. "दान्याले तोंड नसते, इले हाये. पन दान्याईचं तुमी पयलेच सांगाले पाह्यजे व्हतं." त्यानंही कबूल केलं.

सोमवारी डॉक्टर आले. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, आपण कुठं आहोत ते विचारलं.

"सोमवार हाये. श्रावन चालू हाये. वाशीमले हाओत. आन् मांगच्या बारीले तुमी आले तवा हा चष्मा नोता तुमच्या डोयावर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग व्यवस्थापकांना म्हणाले, "यांना कुठंही हलवायचं नाही."

मला वाटलं, झालं, जिंकलो. पेढे आणायचे की काय याचा मी विचार करत होते, तेवढ्यात माय वॉकर धरून उठली आणि मागच्या खोलीकडे चालू लागली. आम्ही सगळे तिच्यामागे. तिनं कडी काढायला लावली.

आत भिंतीकडे तोंड करून एक म्हातारी बसली होती. चार महिन्यांपूर्वी आणून ठेवलेली, विचारलं तर फक्त मान हलवते, असं मावशी म्हणाल्या.

"हिच्या कानापाशी कोनी गेलं व्हतं का?" मायनं विचारलं.

मावशींनी व्यवस्थापकांकडे पाहिलं, व्यवस्थापकांनी डॉक्टरांकडे. माय तो दुखरा खुबा सांभाळत खाटेच्या कडेवर टेकली, म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या कानाला तोंड लावलं. "गाव कोनतं वो बाई तुमचं?"

म्हातारीनं मान हलवली. मायनं दुसरा कान धरला आणि पुन्हा विचारलं. मान हलली. तिसऱ्यांदा मायचा आवाज आश्रमाच्या फाटकापर्यंत गेला असेल.

"केनवड," म्हातारी म्हणाली. मग मायच्या तोंडाकडे नीट पाहत, "आन् तुमचं?"

ज्या खोलीत तिला डांबणार होते, तिथल्याच खाटेवर बसून माझी निरक्षर माय डॉक्टरांना त्यांचं काम दाखवत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

व्यवस्थापक माझ्याजवळ सरकले. अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या मशीनवाल्याचा पत्ता द्याल का?"

माय आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"दोन्ही कानाच्या घेजा म्हना," ती म्हणाली.