वेशीपर्यंतचा आवाज

आमच्या वस्तीतला गुलाब बसलेला मी एकदाच पाहिला, मुरुमच्या एस.टी.त. बसायला जागा मिळाली म्हणून नव्हे, उभं राहायला नव्हती म्हणून. एरवी हा माणूस जेवतानासुद्धा दारापर्यंत जाऊन यायचा.

मुरुमच्या बाजारात यापाऱ्यांचे बैल हाकायचं त्याचं काम. पारख अशी, की यापारी सौदा करायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघायचे. पण बहात्तर साली पाणी गेलं, चारा गेला, बैल मातीमोलानं जायला लागले आणि गुलाब आमच्याबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला आला. एक टोपली टाकायला गेला की वाटेत चार जणांशी बोलून यायचा. मुकादम म्हणायचा, "ह्याला खडी नको, पोस्टमन करा."

त्याच्या डोक्यात तेव्हा एकच किडा वळवळत होता. आदल्या वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघाली होती. भोंगा आणि अ‍ॅम्प्लिफायर आमच्या मंडळाचे, रेकॉर्ड वाजवायचं मशीन तेवढं गावातल्या मंडपवाल्याचं. मिरवणूक निम्म्यात आली अन् मंडपवाला आडवा आला. म्हणाला, "मशीन द्या, माझं लगीन हाय तिकडं."

"तुमचं तर झालंय की," गुलाब म्हणाला.

सगळे हसले, पण मशीन गेलंच. गाडी वेशीपर्यंत पोचली ती मुकी. वेशीला लागून गुलाबच्या मावशीचं, मथुराबाईचं खोपट. तिचे गुडघे गेलेले, दिवसभर दारात बाजेवर बसून असायची. वर्षातनं एकदा गाणी तिच्या दारात यायची. तिनं एवढंच विचारलं, "औंदा गाणी न्हवती व्हय रं?"

ते वाक्य गुलाबला वर्षभर चावलं. पुढच्या जयंतीला मावशीच्या दारात आपल्या मशीनवरची गाणी वाजली पाहिजेत, दुसरं काही नाही. खडी फोडणाऱ्यांनी पगारातनं जमेल तशी वर्गणी दिली आणि आम्ही दोघं उमरग्याला निघालो.

हायवेच्या कडेला शिवप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हैदराबाद-सोलापूरकडची मोडकी मशीनं आणून तो जिवंत करायचा. त्याच्याकडं दोन होती. एक शिसवी पेटीचं, चकचकीत. दुसऱ्याच्या झाकणाला कडी नाही, सुतळी बांधलेली.

"हे नवाबाच्या घरचं," शिवप्पानं शिसवीवर हात ठेवला.

"कोणत्या?"

"नवाब का एकच असतोय?"

गुलाबनं बैल बघतात तसं बघायला सुरुवात केली. मशीनभोवती फेरी मारली, वाकला, सरळ झाला, दुसऱ्या अंगानं आला. थाळी फिरवून पेटीला कान लावला. आतनं घरघर येत होती. थाळी फिरवणारं रबरी चाक एका जागी चेपलेलं.

"लई दिवस बसून राहिलंय. बसक्या बैलाच्या गुडघ्याला घट्टा पडतोय, तसं झालंय ह्याला."

सुतळीवाल्याची थाळी मात्र तेलातल्यासारखी फिरली. ते आमच्या ऐपतीतही बसत होतं. राहिलं मुंडकं. म्हणजे सुई ज्यात बसते ते बोटाच्या पेराएवढं कार्ट्रिज. रेकॉर्डचा आवाज तेच उचलतं. शिवप्पानं दोन वाजवून दाखवली. एक क्रिस्टलचं, आवाज असा की रस्त्यावरचा ट्रकवाला वळून बघायला लागला. दुसरं सिरॅमिकचं, त्याचा आवाज दबका.

"मोठ्या आवाजाचं नाजूक असतंय बघा, जपावं लागतंय. हे दुसरं..."

गुलाब तोवर दुकानाच्या बाहेर जाऊन गाडी येती का बघून आला होता. "वेशीपर्यंत गेलं पाहिजे. मोठंच द्या. बैलाच्या जातीला जपलंय आमी, ह्या पेराएवढ्याला काय."

घरी आलो आणि घोटाळा झाला. आमच्याकडं नवा बैल आणला की एकदम आत नेत नाहीत. दिवसभर अंगणात बांधायचा, चार वडीलधाऱ्यांनी पाठीवरनं हात फिरवायचा, मग गोठा. गुलाबनं मशीनचं तेच केलं. अंगणात बाज टाकली, बाजेवर मशीन, झाकण उघडं. एप्रिलातलं ऊन. दगड हातात धरवत नव्हता. त्याची बायको जाईबाई म्हणाली, "अवं, सावलीला तरी ठेवा."

"बैलाला कोण सावली बघतंय? बघू दे की समद्यांला."

सगळी वस्ती येऊन गेली. एका म्हातारीनं तर बाजेखाली वाकून बघितलं, गाणाऱ्या बाईला ठेवलंय कुठं म्हणून. दिवस कलल्यावर तारा जोडल्या, रेकॉर्ड लावली. थाळी फिरली, भोंगा गप्प. सुईला कान लावला की डासाएवढं गाणं ऐकू यायचं, तेवढंच. मंडळी उगी उठून गेली. गुलाब अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. जयंती परवावर आली होती.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच आम्ही पुन्हा उमरग्यात. शिवप्पानं मुंडकं उघडून बघितलं.

"उन्हात ठिवलंतं?"

मला वाटलं, आता गुलाब थाप मारणार. बाजारात वाढलेला माणूस. पण म्हणाला, "व्हय. दिवसभर. लोकास्नी दावायला."

"आतला खडा क्षाराचा असतोय. उन्हानं पाणी झालं त्याचं."

"बाजारात घेतलेला बैल बसला तर यापारी माघारी घेतंय, शिवप्पा."

"बसला तर घेतंय. तू भाजलास."

गुलाब दुकानाच्या पायरीवर चढला, उतरला, पुन्हा चढला. शिवप्पा वैतागून म्हणाला, "अरे, चक्कर येती मला. झाडावर चढता येतंय का तुला?" होऊ घातलेल्या साखर कारखान्याची सभासदांची सभा होती त्या दिवशी, आणि भोंगे बांधणारा त्याचा गडी तापानं पडला होता. ठरलं असं, की भोंगे चढवायचे, सभा झाली की उतरवायचे, मग ते दबकं मुंडकं गुलाबचं.

गुलाब लिंबाच्या शेंड्यावर वानरासारखा गेला. सभा सुरू झाली आणि संपेना. प्यायला पाण्याची घागर एकच, पण व्यासपीठावरनं उसाचे मळे डुलत होते. पाटाचं पाणी, सभासदांच्या दारात मोटारी, सगळं येत होतं. उतरणीला लागलेला दिवस बघून गुलाब झाडाखाली गाभण म्हशीसारखा घुटमळत होता. शेवटी शिवप्पाला म्हणाला, "एक भोंगा आत्ताच काढू का? निम्मा ऊस तरी कमी हुईल."

शिवप्पाला हसू आवरेना. सभा उठली, भोंगे उतरले, त्यानं मुंडकं हातावर ठेवलं. "हे उन्हाला भीत न्हाई. निवांत ने."

निवांत हा शब्द गुलाबला कधी लागू पडलाच नाही. त्यानं ते पटक्याच्या घडीत ठेवलं आणि ट्रकमध्ये सगळी वाट डोक्यावर माझी छत्री धरून उभा राहिला. दिवस मावळल्यावरसुद्धा मिटेना.

जयंतीला गाडी सजली. बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर, मशीन, आणि मशीनवर तीच छत्री. पहिली रेकॉर्ड लागली. आवाज आला, पण दबकाच. वस्ती खूश झाली, गुलाब नाही. "वेशीला जायचं न्हाई ह्ये," म्हणाला आणि पळत सुटला. मावशीच्या दारात जाऊन कान देऊन आला, भोंग्याचं तोंड जरा वळवलं, पुन्हा पळाला. मिरवणूक चालत होती आणि हा तिच्या पुढं-मागं धावत होता. मी गाडीजवळच होतो. आपल्या मशीनवरचं एक गाणं त्या दिवशी त्यानं पुरतं ऐकलं नाही.

गाडी चावडीला वळसा घालून वेशीकडं वळली तेव्हा म्हटलं, जाऊन बघावं तरी. मथुराबाई बाजेवर डोळे मिटून बसलेली. गुलाब तिच्यासमोर, घामानं निथळलेला, या पायावरून त्या पायावर.

"मावशे, येतंय का ऐकायला?"

तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला, चपला फटाफट वाजवत.

"येतंय का न्हाई, सांग की."

म्हातारीनं डोळे न उघडताच बाजेवर हात थोपटला. "मगाधरनं येतंय. मधी तुज्या वहाणा वाजतात तेवढं बंद कर. बस हितं."

आणि गुलाब बसला. शेजारी उभं राहायला भरपूर जागा होती तरी. एस.टी.तलं बसणं ह्यात धरायचं कारण नाही.

रेकॉर्ड संपायच्या आत उठला म्हणा. सुई उचलायची होती.