बोगद्यावरचा धबधबा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या संध्याकाळी तो समोरच बसला होता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसंही काही होत नाहीये — पण सुरुवात तर केलीच आहे.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी संशयी माणूस. दूध घेताना मी आधी गवळ्याच्या डोळ्यांकडे बघतो, मग दुधाकडे. दोन माणसं हसताना दिसली की ती मलाच हसताहेत, याबद्दल माझी खात्री असते. आई म्हणायची, "याच्या पानात अमृत वाढलं तरी हा आधी मांजराला चाटवील." घरात सगळे हसायचे, मीही हसायचो. आता हसू येत नाही.

गोष्ट नाशकातली, एकोणीसशे तीसच्या पुढच्या वर्षांतली. तेव्हा आळी-आळीचे गणपती असत, आणि खरी चुरस मूर्तीची नव्हे, आरास कुणाची सरस याची. चतुर्थीच्या संध्याकाळपर्यंत आरास गोणपाटाच्या पडद्याआड ठेवायची, बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हा अलिखित कायदा. आमची खुन्नस घाटाकडच्या आळीशी. तिथली माणसं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, भेटली की गोड बोलायची. त्यामुळे तर माझा संशय जास्तच.

त्या वर्षी आमच्या आळीतल्या एका शेटजींनी मुंबईहून जर्मन बनावटीची चावीची आगगाडी आणली, रुळांसकट. आळीचे कारभारी अण्णा म्हणाले, "झालं तर मग! यंदा कसाऱ्याचा घाट." काम माझ्याकडे आणि दामूकडे आलं. दामू माझा शाळेपासूनचा मित्र. तो पोस्टात होता, मी कचेरीत.

काय दिवस होते ते! बांबूच्या सांगाड्यावर खळीत आणि मातीत बुडवलेलं गोणपाट टाकून आम्ही डोंगर उभे केले. गेरू आणि निळीनं त्यांना सावल्या दिल्या. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या हिरव्या रंगात बुडवून झाडं केली. खराट्याच्या काड्यांचे तारेचे खांब. ओल्या फडक्यावर अळीव पेरलं, म्हणजे चतुर्थीला शेतं हिरवीगार. पुठ्ठ्याचं स्टेशन दामूनं केलं — बोरू उभे चिरून त्यांची कौलं, खिडक्यांना अभ्रक. फक्त मापात गफलत झाली. शाडूचा स्टेशनमास्तर दारातून आत जाईना. दामू म्हणाला, "राहू दे रे बाहेरच. खरा तरी कुठं वेळेवर आत सापडतो?"

मग माझ्या लक्षात आलं की दामू रोज मध्येच तासभर गायब होतो. हातात फडक्याखाली झाकलेला डबा. कुठं जातोस विचारलं तर म्हणे, "जरा जाऊन येतो." जरा म्हणजे कुठं? एके दिवशी मी लांबून मागे गेलो. दामू घाटाकडच्या आळीत शिरला. तिथं त्याची धाकटी बहीण वेणू दिली होती, हे मला ठाऊक होतं. बहिणीकडे भाऊ जायचाच. पण डबा झाकून? इकडंतिकडं बघत? आणि डब्यात काय — आपली कौलं? आपलं एखादं माप?

मी अण्णांच्या कानाशी लागलो. फार नाही बोललो. एवढंच, "दामू हल्ली बहिणीकडे फार जातो, नाही?" संशयी माणसाला फार बोलावं लागत नाही. तो बी टाकतो आणि पाणी घालायला दुसऱ्यांना सोडतो.

चतुर्थीच्या संध्याकाळी आमचा पडदा उघडला. गाडी बोगद्यातून बाहेर आली तशी लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आणि तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत सांगत आलं की घाटाकडच्यांनीही आगगाडीच केली आहे. आम्ही सगळे तिकडं धावलो. खरंच होती. लाकडी, दोऱ्यानं ओढायची, पण घाट तोच, स्टेशन तेच. सगळ्यांच्या माना दामूकडे वळल्या. माझ्या मनात काय आलं सांगू? आनंद झाला. बघा, मी म्हटलं होतं!

आणि मग मला धबधबा दिसला.

बोगद्याच्या तोंडावरून खरंखुरं पाणी पडत होतं, वर लपवलेल्या घागरीतून, आणि गाडी त्याखालून भिजत जात होती. आमच्या आरासीत धबधबा नव्हता. दामूला धबधब्याचा पत्ताच नव्हता. तो फक्त माझ्या तोंडात होता — एकदाच.

हेच सांगायचं टाळत इथवर आलो. पुठ्ठे आणायला मी बुकबाइंडरच्या दुकानात गेलो होतो. त्यानं विचारलं, "एवढे पुठ्ठे कशाला?" बाकावर एक छत्रीवाले गृहस्थ बसले होते. दोन माणसं ऐकताहेत म्हटल्यावर मला राहवेना. घाट सांगितला, बोगदे सांगितले, स्टेशन सांगितलं. तेवढ्यानं त्यांचे डोळे विस्फारले नाहीत, म्हणून जागच्या जागी थाप मारली, की बोगद्यावर धबधबा असणार, गाडी भिजत जाणार. जगावर नजर ठेवणारा मी, त्या छत्रीवाल्याला तुम्ही कुठले असं विचारलंसुद्धा नाही.

ते पाणी बघताना मला सगळं कळलं. क्षणात. तोंड उघडायचं होतं फक्त. का नाही उघडलं? भीती? लाज? नावं काहीही द्या.

परत आल्यावर अण्णांनी दामूला गणपतीसमोर उभं केलं. "डबा झाकून काय न्यायचास?" दामू गप्प. मग त्यानं मूर्तीच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "मी सांगितलेलं नाही. ज्यानं सांगितलं तो सापडेपर्यंत त्या आळीत पाऊल ठेवणार नाही." मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. घरी जाताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो रडला. म्हणाला, "तू एकटाच आहेस रे."

डब्यात काय होतं ते त्यानंच मला पुढे सांगितलं. वेणूला दिवस होते. आधी दोनदा पोट पडलेलं, म्हणून या वेळी महिने भरत येईपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही असं घरात ठरलेलं. बोललं की दृष्ट लागते. तिला डोहाळे लागले होते आईच्या हातच्या आंबट वरणाचे. दामू ते न्यायचा. बहिणीच्या पोटातलं मूल आळीच्या तोंडी नको, म्हणून त्यानं स्वतःचं नाव जाऊ दिलं.

सासरच्यांना राग आला. तुझ्या भावाला आमची आळी वर्ज्य, तर तुलाही माहेर कशाला? बाळंतपणालासुद्धा तिला पाठवलं नाही. मुलगा झाला. बारशाला मामा नव्हता. त्या वर्षी भाऊबिजेला वेणूनं, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, चंद्राला ओवाळलं. भाऊ दोन आळ्या पलीकडे राहत होता.

दुसऱ्या वर्षी दामू माझ्याकडे खण घेऊन आला. "माझ्या बदली तू जा. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

तेव्हा तरी? नाही. मी गेलो. पाटावर बसलो. वेणूनं ओवाळलं, म्हणाली, "भाऊ, एवढ्या लोकांत तुम्ही दादाच्या बाजूनं उभे राहिलात." मी तबकात खण ठेवला आणि तिनं वाढलेले अनारसे खाल्ले. चांगले झाले होते.

पुढे दर वर्षी गेलो. दामूनं शब्द मोडला नाही. त्या आळीच्या तोंडापर्यंत मला पोचवायला यायचा आणि मी परत येईपर्यंत तिथंच उभा राहायचा. आल्यावर विचारायचा, "कशी दिसते रे आता?" मी सांगायचो. तो वारला, तेव्हाही तो शब्द तसाच होता.

वेणू अजून आहे. यंदाच्या भाऊबिजेलाही तिनं मला ओवाळलं. मुलगा संसारी झालाय, त्याला हाक मारून म्हणाली, "मामांच्या पाया पड." तो वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.