कानफाट्याची वासरं

फोन आला तेव्हा मी इथं आखातात, अम्गऱ्याला एका भंगारवाल्याच्या ट्रककाट्याखाली दुरुस्तीसाठी उताणा पडलो होतो. नाशिकहून वहिनी बोलत होत्या. "सावंत, हे गेले हो. दुपारी जेवून आडवे झाले, चहाला उठवायला गेले तर…" वर ट्रकवाला 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'आटप, आटप', करत हॉर्न वाजवत होता. त्याला मी मालवणीत जे ऐकवलं ते पुरवणीत छापण्यासारखं नाही. डॉ. भालचंद्र खैरनार, आमचे सर, असे गेले. पुढच्याच महिन्यात ते इथं यायचे होते, तिकीट काढून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी लावलेल्या पैजेचा निकाल लागायचा होता, आणि पैज लावणाराच निघून गेला!

मी कुडाळकडचा. शुवैखला माझा गाळा आहे, वजनकाटे दुरुस्त करतो, आणि माझ्या हातचा काटा चुकत नाही हे मी न विचारताही सांगतो. सर वफ्राकडच्या एका फार्मवर होते. मांसासाठी गुरं वाढवणारा फार्म. कुठल्या वळूची वासरं वजनाला चांगली भरतील याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. गणेशोत्सवात एकानं त्यांना चारचौघांत टोचलं, "हिंदू असून हे काम कसं करता हो?" माझं टाळकं सरकलं, पण सर शांत. "तिथं कुणाला कापायचं हे सगळेच सांगतात. कुणाला ठेवायचं हे सांगणारा मी एकटाच," म्हणाले आणि त्याच्यासमोर मोदकाचं ताट धरलं. त्यानं दोन घेतले.

आमची ओळख भांडणातून झाली. मला वाटायचं, वजन म्हणजे वजन. जनावर काट्यावर चढवा, आकडा बघा, संपला विषय. सर म्हणाले, "सावंत, तुमचा काटा खरं बोलतो, पण अर्धंच. वासरू जड का? आईला दूध भरपूर म्हणून, पंख्याखाली बांधलं म्हणून, की मुळात रक्तातच आहे म्हणून? पंखा काही पुढच्या पिढीत उतरत नाही." म्हणून ते एका छपराखालची, एका वयाची, एक चारा खाल्लेलीच जनावरं एकमेकांशी ताडून बघत. माणसांनाही तोच नियम लावत. फरवानियातल्या माझ्या खोलीवर जेवताना मी एकदा कुरकुरलो, की माझ्या मागून आलेले मुंबईत फ्लॅट घेऊन बसले नि मी अजून इथंच. सरांनी सोलकढीचा घोट घेतला आणि विचारलं, "ते कुठल्या छपराखाली वाढले?" झालं, माझं रडगाणं बंद. स्वतः ते कशावर नाराज असल्याचं मी कधी पाहिलं नाही. ऊन असो, धुळीचं वादळ असो, हा माणूस आपला मजेत.

फार्मचे मालक बू फहद, मुंबईशी व्यापार करणाऱ्या जुन्या घराण्यातले, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलणारे. त्यांचा जीव सुलतान नावाच्या वळूवर. डोंगरासारखं धूड! जन्मल्यापासून गार हवेच्या शेडमध्ये, मालक स्वतःच्या हातानं खजूर भरवणार. सरांनी मात्र बाहेरच्या तापत्या छपराखालचा एक वळू निवडला. पहिल्यांदाच व्यालेल्या गाईचा, दिसायला बेताचा, एक कान फाटलेला. त्याला सगळे कानफाट्या म्हणत. पण त्याच छपराखालच्या इतर खोंडांपेक्षा तो बराच पुढं होता, आणि त्याची सावत्र भावंडंही. सर म्हणाले, वासरं याचीच जड होतील. बू फहद पोट धरून हसले. "कितना जास्ती? सौ किलो?" सर म्हणाले, "नहीं. थोड़ा. एक बछड़े के पीछे आटे की दस किलो की थैली." यावर मालक आणखी हसले. शेवटी ठरलं, की सारख्या वयाच्या गाई दोन्ही वळूंना वाटून द्यायच्या, वासरं एकत्र वाढवायची आणि वर्षाची झाली की तोलायची. कानफाट्याची जड भरली तर तो राहील, नाहीतर ईदला जाईल.

मग सर निवृत्त होऊन नाशिकला गेले. दर शुक्रवारी फोन. आधी "कानफाट्या कसा आहे?" आणि मग माझी तब्येत! मी चिडायचो, ते खळखळून हसायचे… आता शुक्रवार आला की मला करमत नाही. सरळच सांगतो, रडू येतं.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी वासरं तोलायचा दिवस आला. सरांचा नियम कडक. रात्रभर पाणी तोडायचं आणि सकाळी उपाशीपोटी तोलायचं. वासरू एका दमात बादलीभर पाणी पितं, आणि आमचा सगळा फरकच बादलीएवढा. काटा तपासून मी वासरांकडे बघतो तर कानफाट्याच्या वासरांची तोंडं ओली! सुलतानची कोरडी ठणठणीत. गुरांवरचा मुख्य माणूस नौशाद, बिहारचा. त्याला बाजूला घेतलं. "पानी पिलाया?" तो खाली बघत म्हणाला, "सावंत भाई, डाक्टर साब अब हैं नहीं। उनकी बात नीचे नहीं गिरनी चाहिए।"

आता काय करू? गप्प बसलो तर सरांचा शब्द राहतो, कानफाट्याही जगतो. बू फहद समोरच खुर्चीवर, त्यांना कुठं काही दिसतंय! मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण सर जिंकले, आणि तेही पाण्यावर… छे! ते स्वतः असते तर नौशादच्या पाठीवर हात ठेवून सगळी वासरं परत पाठवली असती. मात्र खरं सांगावं तर नौशादची नोकरी जाणार. मग मी मालकांपुढं गेलो आणि म्हणालो, "आज नहीं होगा. मेरा काटा खराब है."

"तुम्हारा काटा?" बू फहद डोळे विस्फारून म्हणाले. "खराब?" मागे दोघंतिघं फिदीफिदी हसले. एवढ्या वर्षांत मी माझ्या काट्याला कुणाला नावं ठेवू दिली नव्हती. मेल्यानु, हसा काय ते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पोचलो तर नौशाद हौदाची तोटी बंद करून स्वतः पहाऱ्याला उभा. एकेक वासरू काट्यावर चढत गेलं. मी मोबाइलवर दोन्हीकडची सरासरी काढली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा काढली. कानफाट्याची जड होती. आट्याच्या पिशवीला किलोभर कमी, पण जड. बू फहदनी विचारलं, "कितना?" मी म्हटलं, "थोड़ा." ते खुर्चीतून उठून वासरांपाशी गेले. मग म्हणाले, "डाक्टर हमेशा थोड़ा बोलता. सच्चा बोलता." आणि नौशादकडे वळून, "इसको रखो. गाय दो इसको."

मी लगेच नाशिकला फोन लावला. सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. किती किलो, कोण हरलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "जनावरांना पाणी सोडलंत का?"

"सोडलं वहिनी. पितायत."

"मग तुम्ही चहा घ्या आता. ती प्यायल्याशिवाय हे घोटभरही काही घेत नसत."

हौदाशी सगळी वासरं दाटीनं पाणी पीत होती, कानफाट्याची आणि सुलतानची एकत्रच. नौशादनं थर्मास उघडून दोन कप भरले. वासरांची तोंडं वर येईपर्यंत आम्ही दोघं कप हातात धरून उभे राहिलो, आणि मग चहा घेतला.